पुढची सीट

सकाळच्या चहाला समोरासमोर बसले असताना बाईंनी आपल्या नवऱ्याला जीभ काढून दाखवली.

ज्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने शाळेचे व्हरांडे ओस पडत, ज्यांच्यासमोर तपासणीला आलेले साहेबसुद्धा खुर्चीच्या कडेवर बसत, त्या या मुख्याध्यापिका बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी मान ताठ, केस घट्ट बांधलेले, आणि आता जीभ बाहेर. मधले टेबल हातभर रुंदीचे. नवऱ्याने, सगळे ज्यांना मोजणीदार म्हणत त्यांनी, पाव चहात बुडवता बुडवता सरळ त्यांच्याकडे पाहिले आणि प्रसन्नपणे म्हणाले,

"दुपारी ऊन पडेल असं वाटतंय. तू काय म्हणतेस?"

बाईंनी जीभ आत घेतली. "पडेल," त्या म्हणाल्या.

चहाची किटली घेऊन आलेली, दोघे मुक्कामाला उतरले होते त्या घराची मालकीण उंबऱ्यातच थबकली होती. बाईंनी तिच्याकडे अशी नजर टाकली, की ती किटली टेबलावर ठेवायचीही विसरून आल्या पावली परत फिरली. घोटभर चहा कपात उरला होता. तो थंड झाला तरी बाई कप धरून बसून राहिल्या.

संशय कधीचा होता. गेल्या हिवाळ्यापासून मोजणीदार माणसाकडे तिरपे पाहू लागले होते, पाखरू दाण्याकडे पाहते तसे. वर्तमानपत्र त्यांनी सोडून दिले होते. बातम्यांत आता राम राहिला नाही म्हणे. चहा ओतताना कपाच्या काठाला बोट लावून ठेवत. बाईंच्या थोरल्या बहिणीचे डोळे असेच गेले होते. आधी माणसांचे चेहरे गेले, मग अक्षरे गेली. कडेची भिंत दिसे, दार दिसे, पण ज्याच्याकडे पाहावे नेमके तेच पुसल्यासारखे होई. तेव्हा बाईंना कोणी डॉक्टरने सांगायची गरज नव्हती. गरज होती ती नवऱ्याने सांगायची.

इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस त्यांच्याशी खोटे बोलला नव्हता. रागावला होता, रुसला होता, एकदा तर भांडून आठवडाभर वरच्या खोलीत राहिला होता. पण खोटे नाही. बाईंनी त्याला वाट करून देण्यासाठी किती दारे उघडून ठेवली! चष्मा बदलायला हवा का, दिवा मंद वाटतो का, अक्षरे बारीक छापतात का हल्ली? प्रत्येक दारापाशी मोजणीदार येत आणि हसून मागे फिरत. आणि तोंडावर "तुम्हाला दिसत नाही" असे म्हणणे बाईंच्याने होत नव्हते. मुलांच्या खिशातून चिंचा काढायच्या त्या बाई वेगळ्या. नवऱ्याच्या मुठीतून त्याचे गुपित ओढून काढणे म्हणजे त्याला भर रस्त्यात उघडा करण्यासारखे होते.

पण काल तो हातगाडीचा प्रकार घडला, आणि आजचा रस्ता डोंगरावरून होता.

दरवर्षी पानगळीच्या सुमारास ही दोघे आपली जोडसायकल घेऊन या डोंगरात येत. एकाच सायकलीवर दोन सीटा, दोन पॅडलच्या जोड्या, आणि दोन्ही जोड्या एका साखळीने बांधलेल्या. पुढच्याने पाय फिरवले की मागच्याचे फिरलेच पाहिजेत. एकाने थांबवले की दुसऱ्याचे जागच्या जागी अडकलेच. हँडल पुढच्याच्या हातात, ब्रेक पुढच्याच्या हातात, रस्ता पुढच्याच्या डोळ्यांपुढे. मागच्याच्या डोळ्यांपुढे काय, तर पुढच्याची पाठ. घरात बाईंच्या शब्दाबाहेर पान हलत नसे, पण या सायकलीवर त्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मागे बसत आल्या होत्या आणि एका शब्दाच्या हुकमात राहत आल्या होत्या. वळण आले, गिअर टाकायचा झाला, ब्रेक लावायचा झाला, की मोजणीदार म्हणत, "सोड." बाईंचे पाय त्याच क्षणी जोर सोडत. मग "घे" म्हटले की पुन्हा जोर. एवढाच संवाद. त्यात विचाराला जागा नव्हती. कानात शब्द पडायचा आणि पायांना कळायचे, मधे डोके लागत नसे.

काल एका गल्लीत "सोड" आला तो हातगाडीचा दांडा बाईंच्या गुडघ्याला घासून गेल्यानंतर.

"मुद्दाम जवळून घेतलं," मोजणीदार म्हणाले होते. "म्हटलं, बघू घाबरतेस का."

आज खिंडीपर्यंत चढ आणि खिंडीपलीकडे तो उतार: एकीकडे कडा, एकीकडे दरी, जंगलातून गरगरत जाणारी वळणे, आणि तळाशी जुन्या शहराची दगडी वेस, जिच्यातून एक बैलगाडी कशीबशी जाईल. तिथे "सोड" उशिरा आला तर घासायला गुडघा शिल्लक राहणार नव्हता.

अंगणात मोजणीदार साखळीला तेल देत होते. बोटांनी चाचपून, एकेक कडी. बाईंनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला आणि आयुष्यात क्वचितच केले ते केले. त्या खोटे बोलल्या.

"अहो, माझी पाठ धरलीय. मागची सीट सोसत नाही आज. मी पुढे बसते."

मोजणीदारांचा हात थांबला. "पुढे? तू?"

"का? शाळेला सायकलनेच जात होते मी. विसरलात?"

"शाळेचा रस्ता सपाट होता. आणि मुलं बाजूला पळायची तुला बघून. डोंगर पळणार नाहीत."

"पळतील. मी बघते त्यांच्याकडे."

ते हसले. मग हसू ओसरले आणि ते तिरपे, बाईंच्या कानाच्या बाजूला कुठेतरी पाहत उभे राहिले. बाईंना वाटले, आता बोलतील. अंगणात ओल्या पानांचा वास होता. घरमालकीण खिडकीआडून पडदा धरून उभी होती.

"पाठ धरली असेल तर काय," ते अखेर म्हणाले. "तुझीच सत्ता. पण गिअर मी सांगेन तसे टाकायचे."

झाकली मूठ तशीच राहिली. दोघांचीही. त्यांनी सीटा वरखाली करून घेतल्या, पॅडलच्या पट्ट्यांत पाय अडकवले, आणि बाईंनी पहिल्यांदा त्या सायकलीवरून रस्ता पाहिला. ओला, काळा, पानांनी माखलेला रस्ता, आणि मधे कोणाची पाठ नाही. त्यांना उघड्यावर आल्यासारखे झाले.

पहिले वळण आले तेव्हा अडचण उभी राहिली. इशारा द्यायचा आता बाईंनी. पण नवऱ्याला "सोड" कसे म्हणायचे? उभ्या जन्मात त्यांना कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"सोडा!" बाई ओरडल्या.

मागून खो खो हसू आले. "सोडा? लिंबू घालून की नुसता?"

"अहो, पाय सोडा! वळण आहे!"

"सोडले, सोडले. बाटली उघडल्यासारखं ओरडतेस. आता म्हण, घ्या. पाहुण्यांना फराळ देतात तसं."

बाईंनाही हसू आले. क्षणभर खरोखरच बरे वाटले. मोजणीदार तरुणपणी याच डोंगराच्या मोजणीवर होते. साखळी आणि खांब घेऊन त्यांनी हा मुलूख पायाखाली घातला होता. मागे बसून ते सांगत गेले: आता पूल येईल, दोन कमानींचा, आता डावीकडे पाण्याची टाकी, आता रस्ता अरुंद होईल, कडेला धर. सगळे बरोबर येत होते. बाईंना वाटू लागले, असेही चालेल. आपण डोळे व्हायचे, त्यांनी आठवण व्हायचे. काय बिघडले? फक्त त्यांनी एकदा म्हणावे. एवढे एकदा म्हणावे, की मग आपण उरलेला जन्म पुढे बसू.

चढ लागण्याआधी एक जुने गाव होते. दगडी घरे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, उतरती छपरे, अरुंद फरसबंद गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी कमान. दरवर्षी कमानीखाली थांबून मोजणीदार वरचा कोरीव लेख मोठ्याने वाचत. हा त्यांचा नेम होता, आणि बाईंनी तो ऐकून घ्यायचा हा बाईंचा.

"थांबव," ते म्हणाले. "कमान आली ना?"

आली होती. पण गाव बदलले होते. खिडक्यांना फळ्या मारलेल्या. दारोदार एकच पाटी: विकणे आहे. विहिरीवर लोखंडी जाळी. गल्लीत माणूस म्हणावा तर बाकावर बसलेला एक म्हातारा, गुडघ्यावर घोंगडी घेऊन. आणि कमानीवर, जिथे लेख होता तिथे, कुणीतरी सिमेंटचा गिलावा फासला होता. वर पत्र्याचा फलक ठोकला होता, जागा घेणाऱ्यांनी कोणाला भेटावे ते सांगणारा.

मोजणीदारांनी एक पाय जमिनीला टेकला, हेल्मेट मागे सारले, मान वर केली, आणि खणखणीत आवाजात वाचले,

"येणाऱ्याने ओझे उतरावे, जाणाऱ्याने दार लोटावे." मग समाधानाने म्हणाले, "काय अक्षर आहे बघ. मात्रा कशी सोडवलीय! इतकी वर्षं पावसात आहे, पण अजून एक टवका उडालेला नाही."

बाकावरच्या म्हाताऱ्याने कमानीकडे पाहिले, मोजणीदारांकडे पाहिले.

"कुठं लिहिलंय ते?" त्याने विचारले.

बाईंनी त्याच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवले. सबंध शाळा गप्प व्हायची त्या बोटाने. म्हातारा मात्र काही वेळ त्या बोटाकडे पाहत राहिला. मग त्याला समजले असावे, कारण त्याने घोंगडी पोटापर्यंत ओढून घेतली आणि तोंड दुसरीकडे केले. ती दया बाईंना झोंबली. आपल्या नवऱ्याची कोणी दया करावी?

"म्हातारा काय म्हणत होता?" गाव मागे पडल्यावर मोजणीदारांनी विचारले.

"काही नाही. भ्रमिष्ट आहे."

"बिचारा," मोजणीदार म्हणाले.

इथे चढ सुरू झाला. झाडी दोन्ही बाजूंनी वर चढत गेलेली, फांद्यांतून थेंब गळत होते, ऊन पडण्याची चिन्हे नव्हती. सायकल इतकी हळू झाली की चालणारा माणूस मागे टाकून गेला असता. बाईंच्या छातीत धाप होती, आणि धापेखाली दुसरेच काहीतरी खदखदत होते. "बिचारा." त्या गावच्या शहाण्या माणसाला आपण भ्रमिष्ट ठरवले, आणि ज्याच्यासाठी ठरवले तो मागे बसून त्याची कीव करतो आहे! खोटे एकाच्या तोंडून निघते तोवर ठीक असते. दोघे मिळून बोलू लागले की ते तिसऱ्याच्या अंगावर जाते. आपण घरात हेच करणार का यापुढे? मुलीला भ्रमिष्ट ठरवणार? शेजाऱ्यांना?

"आता मोठं वळण येईल," मागून आवाज आला. "तिथून कमानीचं गाव सबंध दिसतं खाली. बघून घे."

"तिथं काही लिहिलेलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"कुठं?"

"कमानीवर. सिमेंट फासलंय. वर पत्रा आहे. गाव विकायला काढलंय, दारादारावर पाटी आहे. अहो, तुम्ही वाचलंत ते तिथं नव्हतंच."

मागचे पाय फिरत राहिले. साखळी करकरली.

"सकाळी मी तुम्हाला जीभ काढून दाखवली," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता त्यांच्या ताब्यात नव्हता. "टेबलावर. तोंडासमोर. मी, या वयात! आणि तुम्ही मला ऊन पडेल म्हणून सांगितलंत. किती दिवस चालवणार आहात हे? मला सांगायचं नाही, तर कोणाला सांगायचं?"

मग मोजणीदार थकल्या, मऊ आवाजात म्हणाले,

"सोड."

विषय सोड, असे त्यांना म्हणायचे होते. कोणीही नवरा बायकोला म्हणतो तसे. पण इतक्या वर्षांची शिकवण पायांत मुरली होती. पायांना शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, फक्त शब्द माहीत होता. बाईंचे पाय जागच्या जागी थांबले. मागून मोजणीदारांनी पॅडलवर पुरा भार टाकला होता. तो अडकलेल्या साखळीवर आदळला. ऐन चढावर सायकल क्षणभर उभी राहिली, डुलली, आणि पट्ट्यांत अडकलेल्या चारही पायांसह दरीच्या अंगाला कलली.

दरी दूर होती, एवढेच नशीब. मधे गटार होते आणि कठड्याचे दगड होते. बाई ओल्या पानांवर पडल्या. मोजणीदार दगडांवर.

"पाय का सोडलेस?" ते पडल्या पडल्या म्हणाले. हेल्मेटला एका अंगाने तडा गेला होता, डावा हात भलत्याच कोनात होता, चेहरा पांढराफटक.

"तुम्हीच म्हणालात."

"मी बोलणं सोड म्हणालो, गं."

बाईंनी सरपटत जाऊन त्यांचे पाय पट्ट्यांतून मोकळे केले. खांद्याला हात लावताच ते कळवळले. एरवी असल्या चुकीवर दोघे पोट धरून हसली असती, वर्षभर सांगत सुटली असती. बाईंनी त्यांचा उजवा हात हातात घेतला. रस्त्यावर दुसरे कोणी नव्हते.

मग खिंडीकडे जाणारा लाकडांचा ट्रक धापा टाकत आला आणि थांबला. ट्रकवाला तिशीतला, रुंद बांध्याचा, बोलघेवडा माणूस. त्याने इंजिन बंद केले नाही, उडी मारून उतरला.

"हलू नका, काका, हलू नका! डोक्याला लागलंय का? आमच्या भावाला असंच झालं होतं. थांबा." तो गुडघ्यावर बसला आणि त्याने बोटे पुढे धरली. "सांगा बघू, किती बोटं?"

मोजणीदारांनी मान किंचित वळवली.

"तिकडं नाही, काका. इकडं. सरळ बघा." आणि त्या भल्या माणसाने हात सरकवून नेमका त्यांच्या नाकासमोर आणला. मोजणीदारांनी पुन्हा मान वळवली. हात पुन्हा समोर आला.

तीन बोटे होती. मोजणीदारांचा तळवा बाईंच्या हातात होता. तीनदा दाबले असते तरी पुरे होते. बाईंनी हात नुसता धरून ठेवला. त्यांना ऐकायचे होते. इतका वेळ, इतके महिने, त्यांना एवढेच ऐकायचे होते.

"दिसत नाहीत," मोजणीदार म्हणाले.

बाईंचे डोळे भरून आले. त्या वाकल्या, पुढचे नीट ऐकू यावे म्हणून.

"अजिबात?"

"कडेनं दिसतं. मधलं दिसत नाही."

"अरे बाप रे. केव्हापासून?"

इंजिन घरघरत होते. झाडावरून एक मोठा थेंब मोजणीदारांच्या गालावर पडला. त्यांनी पुसला नाही.

"आत्तापासून," ते म्हणाले. "पडलो ना, तेव्हापासून."

ट्रकवाला उठून उभा राहिला. त्याने आडवी सायकल पाहिली, दोन सीटा पाहिल्या, आणि बाईंकडे वळला.

"पुढं कोण होतं?"

"मी."

"तुम्ही? काकू, या वयात, असल्या चढावर, पुढं बसायची काय गरज होती? घरात कोणी सांगणारं नाही का तुम्हाला? बघा काय झालं! चांगल्या धडधाकट माणसाचे डोळे घालवलेत!"

असे बाईंशी वडिलांच्या माघारी कोणी बोलले नव्हते. उत्तर जिभेवर तयार होते. एक वाक्य, फार तर दीड. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. त्यांची मान कलती होती. डोळ्यांच्या कडेने, जेवढ्या काय दिसत असतील तेवढ्या, ते बाईंना पाहत होते. त्या चेहऱ्यावर भीती होती. दिसेनासे झाल्याची भीती आता त्यांच्या सवयीची झाली असणार. ही भीती बाईंच्या वाक्याची होती.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

ट्रकवाल्याने सायकल लाकडांवर दोराने आवळली. मोजणीदारांना केबिनमध्ये मधे बसवले, बाई दाराशी. खिंडीत फोन लागला तेव्हा त्यांनी मुलीला कळवले. पडलो, खांदा गेलाय, डोळ्यांनाही काहीतरी झालंय, तू खाली दवाखान्यात ये.

"पुढे तू होतीस?" मुलीचा आवाज चढला. "बाबांना मागे बसवून? आई, पण का? काय कारण होतं?"

"हौस आली मला," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शेजारून मोजणीदारांनी श्वास सोडला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. डोळ्यांचा डॉक्टर दिव्याने आत डोकावेल आणि त्याला पहिल्या नजरेत कळेल की हे आजचे नाही. पडून असे होत नसते. मोजणीदारांनाही ते ठाऊक असणारच. ते काही खुळे नव्हते. मग सगळ्यांना सगळे कळेल, मुलगी एकदा वडिलांकडे आणि एकदा आईकडे पाहील, आणि ज्याला जे सांगायचे नव्हते ते परक्या माणसाच्या तोंडून सांगून होईल. तोवर मधे हा घाट होता.

ट्रक खिंड ओलांडून उताराला लागला. पहिल्या वळणावर लाकडे कुरकुरली. ट्रकवाल्याला आपल्या पुण्यकर्माचा उत्साह चढला होता. तो कर्णा वाजवत वेगाने निघाला.

"सावकाश घ्या," बाई म्हणाल्या.

"काकू, दवाखाना गाठायचाय ना लवकर?"

"त्यांच्या खांद्याला धक्के बसतात," बाई म्हणाल्या, शाळेतल्या त्या जुन्या आवाजात. "सावकाश म्हटलं ना मी."

त्याने मुकाट्याने गिअर खाली आणला.